कडूबाईंचा फ्रिज आत जातो

पडेगावात कडूबाईंच्या घरी फ्रिज आला, कारण शेजारच्या भामाबाईंकडं तो आधी आला होता. दोघींचे नवरे वाळूजच्या एकाच कारखान्यात होते. मग फ्रिज एकीकडंच कसा?

कडूबाईंनी तो पुढच्या खोलीत, ऐन दारासमोर उभा केला. रस्त्यानं जाणाऱ्या म्हशीलाही दिसावा असा. दुपारभर त्यावर ऊन पडायचं. आल्यागेल्याला दार उघडून गारवा दाखवला जायचा आणि उकळतं दूध वाफेसकट आत जायचं.

दोन्ही घरांचे मीटर सामाईक भिंतीवर शेजारीशेजारी. कडूबाईंच्या मीटरची चकती पीठगिरणीसारखी गरगरायची; भामाबाईंची मात्र जेवून निघालेल्या व्याह्यासारखी रमतगमत. हे पाहून कडूबाईंचा रोज नव्यानं जळफळाट होई.

"आकडा टाकलाय तिनं तारंवर!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कुणावर बी आळ घेऊ नको," सोनाजी पुटपुटला.

पुढं विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद झालं, कारखान्याच्या गाड्या थांबल्या. सगळी गल्ली घरात आणि कडूबाई मीटरसमोर.

"आवो कडूबाई, तिथं काय देव बसलाय व्हय?" मागून भामाबाईंनी विचारलं. "आत या, च्या घ्या."

कडूबाई चोरी पकडायला आत गेल्या. फ्रिज स्वयंपाकघराच्या सावलीत, भिंतीपासून वीतभर पुढं. दूध परातीतल्या पाण्यात निवत होतं. प्यायला माठच.

"मागं हवा नाय लागली तर त्यो धापा टाकतो बघा. अन् सारखं दार उघडलं की गारवा पळतो," भामाबाई सहज बोलून गेल्या.

चहा कडूबाईंना कडू लागला. चोरी नव्हती, अक्कल होती. तीही शेजारणीची! फ्रिज आत न्यावा तर गल्लीला दिसणार नाही, न न्यावा तर भामाबाईंचा मीटर जिंकणार. रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांनी सोनाजीला चार गडी बोलवायला लावले.

"मधल्या दारातून धा पावलं हायेत," सोनाजी म्हणाला.

"तिथून गेला तर बघंल कोण? गल्लीतून वळसा घाला, मागच्या दारानं घ्या!"

बंदमुळं सगळी गल्ली घरात रिकामीच बसली होती. फ्रिज चौघांच्या खांद्यावर निघाला, पुढं कडूबाई, डोक्यावर पदर. पोरं नाचली. सगळे दारात आले. कडूबाईंचा ऊर भरून आला.

तेवढ्यात भामाबाई ताट घेऊन आल्या, फ्रिजला हळदकुंकू लावलं आणि गल्लीला मोठ्यानं सांगितलं, "मीच म्हणलं, आत ठिवा!"

"लई हुशार बाई हो!" गल्ली एकमुखानं म्हणाली.

कडूबाई फ्रिजपेक्षा गार पडल्या.