दर्शनी बाजू

भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत दोन बोटे सरकवली की आधी लागतो गारवा, मग थोडी धूळ, आणि धुळीखाली एक स्निग्ध, रेशमी गुळगुळीतपणा. बोटे नाकाशी नेली तर जवसाच्या तेलाचा पुसटसा गंध येतो. की तो माझ्या म्हाताऱ्या नाकाचाच खेळ? असेलही! पण या गंधाच्या टोकाशी एक पंधरा वर्षांची, नाक वर करून चालणारी मुलगी उभी असते, आणि तिचा कान पिळावासा मला आजही वाटतो.

निजामी अमलातले ते दिवस. भोकरदनच्या बाजूला आमचे माहेर, आणि सासर ठरले पार वडीगोद्रीला. बैलगाडीने दोन दिवसांची वाट. लग्नाआधी मुलीने सासरचा उंबरा पाहण्याची रीत नव्हती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी कपाट करायला घेतले. जाफराबादहून लतीफचाचा सुतार आले. सागाची रुंद, देखणी फळी मिळाली एकच; दुसऱ्या बाजूला आंब्याची ओबडधोबड फळी. कपाट कोपऱ्यात बसणार, एक कूस भिंतीला लागणार. भिंतीकडे कोण पाहतो? म्हणून चाचांनी मलाच विचारले, "बोल बेटी, दर्शनी बाजू कौनसी? उजवी की डावी?"

दादा म्हणाले, "माहीत नसंल तर तसं सांग. मी निरोप धाडतो, मंग ठरवू."

माहीत नाही म्हणायचे? मी? लग्न जुळवणाऱ्या काकूंनी दार पूर्वेला आहे एवढे सांगितले होते. त्या एका दारावर मी मनात अख्खे घर बांधून मोकळी झाले होते. अक्कल पैशाची, ऐट रुपयाची! म्हटले, "उजवी. मला समदं माहीत हाये."

मग दादांनी त्या उजव्या बाजूला कुणाला हातच लावू दिला नाही. औत सोडून घरी आले की फडक्याने जवसाचे तेल जिरवत बसायचे. नांगराने खरबडलेला तो तळवा त्या सागावरून इतका हलके फिरायचा, की लाकडातल्या रेषा संथ पाण्यावरच्या तरंगांसारख्या वर येत. आई हसायची, "पोरीला कधी एवढं तेल लावलं न्हाई!"

सासरी कपाट उतरले. डाव्या कोपऱ्यात सासूबाईंची मडक्यांची उतरंड. मोकळा कोपरा एकच, उजवा. दादांचे तरंग भिंतीकडे तोंड करून बसले, आणि खोलीला दिसू लागली आंब्याची फळी, तासणीच्या खुणांसकट. सासूबाईंनी विचारलेही, "सूनबाई, कपाट बराबर बसलं का? न्हाई तर उतरंड हलवू." किती सोपे होते! पण चूक कबूल करण्यापेक्षा भिंत कबूल करणे मला सोयीचे वाटले. "बिलकुल बराबर," मी म्हणाले, आणि त्या फळीवर लुगडे वाळत घातले.

पंचमीला दादा मला न्यायला आले. पाणी पिता पिता त्यांची नजर कपाटाकडे गेली. लुगड्याखालून आंबा डोकावतच होता. मी घाईघाईने पुटपुटले, "दादा, तिकडली बाजू लई छान दिसती." कुणाला दिसते, हे त्यांनी विचारले नाही. उठले, फटीत दोन बोटे घातली, क्षणभर डोळे मिटले.

"गुळगुळीत हाये अजून," म्हणाले, आणि हसले. रागावले असते तर बरे झाले असते! त्याच हिवाळ्यात ते गेले. स्वतःच्या हाताने उजळलेली ती फळी सासरच्या उजेडात त्यांनी कधी पाहिलीच नाही. एक उतरंड हलवायची होती; सात मडकी फक्त.

परवा नातसून नव्या कपाटाच्या बाजूंना काय लावू म्हणून विचारत होती. म्हटले, आधी कोपरा बघून ये, बाई, मग रंग निवड. ती म्हणाली, "आजी, तुमचंही कपाट डाव्या कोपऱ्यात हलवू का?" उतरंड तर केव्हाच मोडली, कोपरा रिकामा आहे. पण मी नको म्हटले. ज्यांना दाखवायचे राहिले, त्यांच्यामागे ती बाजू मी एकटीने कशी पाहू?

ती गेल्यावर मात्र मी पुन्हा फटीत बोटे घातली. दुसऱ्या पेरापर्यंत जातात. दादांचीही तिथवरच गेली होती.