बास्केटवाल्याची खुर्ची

चहा घ्या आधी. आणि घोट तोंडात असताना हसू नका, ठसका लागेल, म्हणजे त्याचंही खापर माझ्यावरच. कारण आता जे सांगणार आहे तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा आहे. सगळ्यात मोठा म्हणजे… निदान मला कळलेला. न कळलेले किती असतील या विचारानं हल्ली झोप लागत नाही.

गोष्ट दुबईची. आत्ताची नव्हे हो! साठच्या दशकातली, खाडीच्या दोन काठांवर मावणारी दुबई. मोठी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकायची आणि माणसं, माल, सगळं लाँचमधून काठाला यायचं. खाडीच्या एका काठाला, देरा नावाच्या भागात, एका व्यापारी पेढीत मी इंग्रजी आणि फ्रेंच पत्रव्यवहार सांभाळायचो. त्याआधी पुण्याला कॉलेजात फ्रेंच शिकवत होतो. दोन विषयांत एम. ए. तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस वाळूत बसून सिमेंटच्या गोण्यांची पत्रं कशाला लिहीत होता? मीही हेच म्हणायचो. उत्तर सापडलं असतं तर परत गेलो असतो.

पण दिवसा सिमेंट आणि संध्याकाळी पुस्तक. होय, मी पुस्तक लिहीत होतो. मराठीत. एका बास्क चित्रपट-दिग्दर्शकावर! त्याचं नाव सांगत नाही. बिचारा एकदा माझ्या तावडीत सापडलाय, तेवढं पुरे.

बास्क म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या मधले लोक. डोंगर आणि समुद्र यांच्यात राहणारे, स्वतःची वेगळीच भाषा असलेले. हा दिग्दर्शक होड्या बांधणाऱ्या सुताराचा मुलगा. उसन्या कॅमेऱ्यावर त्यानं आपल्या गावातल्या माणसांचे चित्रपट काढले. त्यात काही घडायचं नाही आणि कोणी बोलायचं नाही. मी त्यातला एक पाहिला होता, मुंबईच्या एका फिल्म सोसायटीत. एक म्हातारा कोळी होडीशेजारी बसलाय. बसलाय. नंतरही बसलाय. मध्येच वीज गेली, तर पडदा काळा झालाय हे लोकांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं!

मी मात्र रडत बाहेर आलो. का रडलो ते आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा मात्र वाटायचं, तीनशे पानं लिहिली की सांगता येईल.

तीनशे पानं झाली. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, "अहो, एक चित्रपट पाहून तीनशे पानं? निदान त्या माणसाला एकदा भेटा. भेटीचं प्रकरण आणा, दुसऱ्या दिवशी छापायला घेतो."

आता मी कुठे भेटणार त्याला? सिमेंटच्या गोणीत?

आणि एके दिवशी मुंबईच्या मित्राची तार आली. दिग्दर्शक मालवाहू जहाजानं युरोपला परततोय, वाटेत जहाज दुबईला थांबेल, खाडीवर गलबतं कशी बांधतात ते बघायला तो उतरेल, त्याला गाठ!

माझे हातपाय गार पडले. आनंदानं की भीतीनं, कोण जाणे. माझं दोन्हीत सारखंच होतं.

खाडीवर माझा एकच माणूस होता, इब्राहिमभाई. रत्नागिरीकडचे. गलबतांना लागणारे दोरखंड, खिळे, डांबर विकायचे. त्यांच्या दुकानाबाहेर रोज संध्याकाळी आमचा चहा व्हायचा. त्यांना म्हटलं, "लाँचनं एक बास्क माणूस येणार आहे. दिसला की माझ्याकडे आणा."

"बास्केट?"

"बास्केट नव्हे हो, बास्क! लोक आहेत ते. समुद्रावरचे. होड्या बांधतात, मासे धरतात, त्यांची भाषा जगात कोणाला कळत नाही."

"म्हंजे आमच्यासारखेच की," इब्राहिमभाई म्हणाले. "दिसतो कसा?"

इथेच घोडं अडलं. हा गृहस्थ कोणाला फोटो काढू द्यायचा नाही. पण मला खात्री होती. ज्याचे चित्रपट असे, तो दिसणार कसा? उंच, काटकुळा, गाल बसलेले, नजर क्षितिजावर, डोक्यावर त्यांच्याकडची ती चपटी गोल टोपी. मी तसं वर्णन केलं.

"आजारी हाय काय?" त्यांनी काळजीनं विचारलं.

ठरल्या दिवशी मी काळा कोट घातला, टाय बांधला. ती उन्हं, आणि काळा कोट! पेढीतून हातांची एकुलती एक चांगली खुर्ची उचलून आणली, दुकानासमोर सावलीत मांडली, तिच्यावर पांढरा पंचा घातला. मुंबईहून आणलेला जरीचा हार खिशात. आणि खुर्चीशेजारी उभा राहिलो.

"बसा की मास्तर," इब्राहिमभाई म्हणाले. मी कॉलेजात होतो म्हणून ते मला मास्तर म्हणत.

"ही त्यांची खुर्ची आहे."

"ते येईपर्यंत बसा."

"नाही. गरम होईल."

पहिली लाँच आली. इब्राहिमभाई धक्क्यावर गेले आणि हात हलवत परत आले. "मास्तर! घ्या तुमचा बास्केटवाला!"

त्यांच्यामागे एक गोरा. बुटका, ढेरपोट्या, उन्हानं लाल झालेला, शर्टाची दोन बटणं उघडी, आणि हातात धक्क्यावरच्या फेरीवाल्याकडून आत्ताच घेतलेली खजुराच्या झापांची भलीमोठी टोपली! टोपलीत पाव, खजूर, आणि वर एक वाळलेला मासा. बोटीवरचा स्वयंपाकी, दुसरं काय?

मी इब्राहिमभाईंना बाजूला ओढलं. "अहो, बास्क म्हटलं होतं! बास्केट नव्हे!"

"हाय ना बास्केट हातात."

"म्हणून टोपली घेतलेला कुठलाही गोरा धरून आणाल?"

"मंग इचारा तरी त्याला, कोन हाय."

"काय विचारायचं? दिसतंय ना!"

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या थडग्यावर लिहायला चालेल. मला जाळणार आहेत, पण तरी.

तेवढ्यात मागे वळून बघतो तर काय, तो जाड्या खुशाल खुर्चीत बसला होता!

मी फ्रेंचमध्ये ओरडलो, "महाशय! उठा! ती खुर्ची एका थोर कलावंतासाठी आहे!"

तो ताडकन उठला. "क्षमा करा, महाशय." खेडवळ फ्रेंच होतं त्याचं. "कोण कलावंत?"

मी नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि जाऊन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. "तुम्ही ओळखता त्यांना?"

मला काय, कित्येक महिन्यांनी कोणीतरी विचारत होतं! पेढीत कोणाला रस नाही, बायको पुण्याला, इब्राहिमभाईंना पाठ झालेलं. मी सुरू झालो. बालपण, होड्या, उसना कॅमेरा. मग कला. मग मौन. "त्यांच्या चित्रपटांतलं मौन म्हणजे आधुनिक माणसाच्या आत्म्याची पोकळी आहे, महाशय! म्हणून ती माणसं बोलत नाहीत."

तो खजूर चघळत ऐकत होता. म्हणाला, "कदाचित त्यांच्या भाषेत बोलायला बंदी असेल."

"असेल. सरकारनं त्या भाषेची गळचेपी केलीय हे मलाही ठाऊक आहे. पण कलेचा अर्थ इतका सोपा नसतो."

"असं? आणि तो म्हातारा होडीशेजारी बसून राहतो, ते?"

"मृत्यूची प्रतीक्षा!"

"होडीला भोक नव्हतं?"

मी हसलो. आता कोणत्या शब्दांत सांगू तुम्हाला, कसा हसलो! वर्गात मागच्या बाकावरचा विद्यार्थी काहीतरी बोलला की प्राध्यापक हसतात ना, तसा. "महाशय, स्वयंपाकघरातून पाहिलं तर प्रत्येक गोष्टीत भोकच दिसतं."

तोही हसला. माझ्यापेक्षा जास्त. इब्राहिमभाईंनी त्याला चहा दिला, त्यानं त्यांना अर्धा पाव दिला. दोघांची भाषा एक नाही, तरी ते एकमेकांशी काहीतरी बोलत होते आणि हसत होते. मला ते जरा उथळ वाटलं.

मग त्यानं माशाखालून एक लहानसा कॅमेरा काढला. "चालेल?" त्या काळी खलाशीसुद्धा कॅमेरे बाळगायचे, मला काय त्याचं? मी टाय सरळ केला. कॅमेरा किर्र वाजत राहिला. "प्रकाश पाठीमागून घ्या," मी त्याला शिकवलं. "आमच्या दिग्दर्शकांकडून शिकण्यासारखं आहे ते." त्यानं निमूटपणे जागा बदलली.

दुसरी लाँच आली, आणि तिच्यात तो! उंच, काटकुळा, गाल बसलेला, डोक्यावर चपटी टोपी! मी धावलो, हार त्याच्या गळ्यात घातला, आणि पाठ केलेलं स्वागताचं भाषण थेट शेवटच्या वाक्यापर्यंत म्हटलं. तो गृहस्थ शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "आभारी आहे. पण मी पाण्याच्या पंपांसाठी आलोय."

आता यात लाजिरवाणं काय होतं असं वाटतं तुम्हाला? भाषण? छे! मी हार परत मागितला. एकच होता हो! त्यानं मान वाकवली, मी काढून घेतला.

आणि मागे कॅमेरा किर्र.

ऊन उतरू लागलं, माझा धीर सुटला. हा जाड्या समोर बसलेला, पावाचे तुकडे सांडलेले. आणि ते आले, त्यांनी हे पाहिलं तर? मी म्हटलं, "महाशय, राग मानू नका, पण आता आपण निघालात तर बरं. ते कोणत्याही क्षणी येतील. त्यांना गर्दी आवडत नाही."

"खरं आहे," तो म्हणाला, "त्यांना नाही आवडत." टोपली उचलली, इब्राहिमभाईंना मिठी मारली, माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरला. "तुम्ही त्यांची फार वाट पाहताय. ते यायला हवेत." त्याचे डोळे त्या वेळी हसत नव्हते, हे मला अजून आठवतं.

लाँच गेली. जहाजही गेलं. मी खुर्ची डोक्यावर घेऊन पेढीत परत आणली.

"आला नाय तुमचा मानूस," इब्राहिमभाई म्हणाले. "पन तो बास्केटवाला चांगला होता."

"बास्क हो," मी म्हणालो. "बास्क."

पुढे काय, प्रकाशकांनी तब्बल दहा वर्षांनी दया येऊन पुस्तक छापलं. प्रस्तावनेत मी लिहिलं, 'दिग्दर्शकांची भेट होऊ शकली नाही याची खंत जन्मभर राहील.' दरम्यान त्याचे आणखी चित्रपट आले होते. ते बघायला कुठे मिळणार? पण दोन फ्रेंच लेख हाती लागले. त्यांत एका चित्रपटाबद्दल होतं की पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरात एक माणूस दिवसभर रिकामी खुर्ची राखतो. मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. न पाहता.

इब्राहिमभाई गेले, पेढी बंद पडली. मी आता मुलाकडे राहतो, दुबईतच, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, इतक्या उंचावर की खाली बघितलं की गोळी घ्यावी लागते. मागच्या महिन्यात माझी नात ईरा म्हणाली, "आजोबा, युअर डिरेक्टर! त्याची ती ओल्ड फिल्म टीव्हीवर आलीये. रिस्टोर केलीये. कम!"

मी धडपडत आलो आणि टीव्हीसमोर उभा राहिलो. खाडी होती. गलबताचा उघडा सांगाडा होता. आणि सावलीत एक खुर्ची, तिच्यावर पांढरा पंचा.

शेजारी काळ्या कोटातला एक काटकुळा तरुण बोलत होता. अखंड. हात उडवत, बोटं नाचवत. आवाज नव्हता. ज्याच्या चित्रपटांत कधी कोणी बोललं नाही, त्यानं एकच बोलणारा माणूस घेतला आणि त्याचा आवाज काढून टाकला! मग हार घातला गेला. मग हार काढला गेला. ईरा सोफ्यावर लोळून हसत होती.

मग कॅमेरा बाजूला वळला आणि चहाचा कप हातात घेतलेले इब्राहिमभाई दिसले. तरुण, दात दाखवत हसणारे. कॅमेऱ्याकडे बोट करून त्यांनी माझ्या दिशेला काहीतरी म्हटलं. ईराला ते कळणं शक्य नव्हतं. मला ओठांवरून वाचता आलं. बास्केटवाला.

मला वाटतं, मी परत रडलो. पण खात्री नाही. चष्मा खराब आहे.

"वेट," ईरा उठून बसली. "आजोबा… दॅट्स यू?"

तिनं कपाटातून माझं पुस्तक काढलं, ते प्रकरण शोधलं. मराठी तिला अडखळत येतं. बोट ठेवून वाचू लागली, "'खुर्ची… राखणारा हा मनुष्य… दिग्दर्शकाच्या कारकिर्दीतील एकमेव… न पटणारे पात्र होय. इतका शिकलेला आणि… इतका आंधळा मनुष्य वास्तवात आढळत नाही.' आजोबा, वास्तवात म्हणजे?"

"इन रियल लाइफ," मी म्हणालो.

तिनं पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी अजून उभाच होतो, एक हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून.

"बसा ना, आजोबा," ती म्हणाली. "ऑर इज समबडी कमिंग?"