बायकांच्या बाजूची कनात

"हॅ! असं कुनी मरत न्हाई."

खेळ सुटला की बाहेर येऊन, पदरानं मान पुसत मावशी हा निकाल द्यायची. पडद्यावर जहाज बुडालेलं असो की अख्खं गाव जळालेलं. आम्ही तंबूवाले तिच्या निकालाची वाटच बघत असू.

दुसऱ्या मोठ्या लढाईचा काळ होता. आमचा सिनेमाचा तंबू संगमनेरला प्रवरेच्या वाळूवर लागे, मग राहाता, नेवासा करत फिरे. मी भिक्षुकाच्या घरातला, पण दारावर तिकिटं फाडायला लागलो, म्हणून घरानं टाकल्यात जमा. ती तंबूबाहेर शेंगा-फुटाणे विकायची. मध्यंतरानंतर गिऱ्हाईक आटलं की टोपली घेऊन बायकांच्या बाजूला फुकट बसायची. अंगानं अशी भारी, की तिला एकटीला दोघींची जागा लागे. मला 'पंत' म्हणायची. मान म्हणून नव्हे, चिडवायला.

पुराचा बोलपट आला तेव्हा म्हणाली, "पानी असं भिंतीवानी येतं व्हय? पानी उंबऱ्याखालनं येतं, चोरावानी. आन ती बाई बघितली का? गळ्याइतक्या पान्यात हुभी, आन कुकू जाग्यावर!"

मग हडळीचा बोलपट आला. त्यात बायका अशा किंचाळत, की नदीपलीकडची कुत्री भुंकत.

"हडळीचं क्यास बघितलं का, पंत? त्याल लावून इंचरल्यात. मेल्यावर बरी सवड गावली तिला."

"मग मावशी, तू कशाला ओरडत होतीस?"

"फुकट बसते न्हवं? वरडून फेडते."

एकदाच ती गंभीर झालेली मी पाहिली. आगीच्या बोलपटात माणसं जळत्या घरातून धडाधड बाहेर पळत होती. ती म्हणाली, "मानूस असं सरळ पळत न्हाई. आदी काय तरी शोधतं. आमची शेजारीन शेळीचं दावं शोधत ऱ्हायली." कुठं, कधी, ते सांगितलं नाही. टोपली उचलून गेली.

आता कनातीचं सांगतो. बायकांची बाजू भरली की त्या बाजूची कनात, म्हणजे तंबूची कापडी भिंत, बाहेरून दोरीनं आवळायची, अशी आमच्यात रीत होती. नाहीतर टवाळ पोरं आत डोकावत. मुकादमाचा हुकूम सुरगाठीचा; ओढली की सुटली पाहिजे. पण सुरगाठ पोरं ओढून पळायची आणि बोलणी मला बसायची. म्हणून मी ओढून न सुटणारी निरगाठ मारू लागलो. मुकादमाला हे ठाऊक नव्हतं. तिला होतं.

"मढं बांधल्यावानी काय आवळता, पंत?" ती एकदा म्हणाली. मी हसलो.

त्या दिवशी पुन्हा हडळच होती. पहिला खेळ, मध्यंतर होऊन गेलेलं. मी कनातीबाहेर चहा पीत उभा होतो. आत बायका किंचाळल्या. हडळ आली, मी मनात म्हटलं. ती रोज याच सुमाराला यायची. किंचाळणं थांबेना, तरी मला काही वाटलं नाही. तेवढ्यात तिचा आवाज आला, "पंत, दोरी सोडा!"

मी ओरडलो, "वरडून फेड, मावशी!"

आणि चहा संपवला. मग वर नजर गेली. तंबूच्या कापडाला भोक पडत होतं आणि त्याची कड लाल होती. मशीनमध्ये फिल्म पेटली होती.

गाठ सुटेना. नखं लावली, दात लावले. पुरुषांच्या बाजूचं दार उघडं होतं, तिकडचे केव्हाच पळाले होते; पण मशीन तिकडंच, बायकांना मधे आग आडवी होती. तोच पायाजवळची वाळू हलली. शेंगा मोजायच्या मापट्यानं तिनं आतून कनातीखाली उकरायला घेतलं होतं. एकेक बाई, एकेक मूल त्या भोकातून येऊ लागलं. मी ओढत होतो, ती ढकलत होती. "हिला धरा. ही पोटुशी हाय, दमानं."

शेवटी तिचे हात आले, डोकं आलं. खांद्यांशी अडलं. मी ओढलं.

"वढू नगा. वाळू काडा, पंत."

मी ओढतच राहिलो. कनात पेटली तेव्हा हात सोडून मागं झालो.

भाजल्या पुष्कळ जणी. गेली ती एकटीच.

फौजदारानं विचारलं, सगळ्या निघाल्या, मग हीच कशी राहिली? "टोपली शोधत बसली," मी म्हणालो. "माणूस आधी काहीतरी शोधतं, साहेब." तिचंच वाक्य मी तिच्यावर घातलं. फौजदाराला पटलं. तंबूच्या मालकाला तर फारच पटलं. टोपली पार पडद्याजवळ भरलेली सापडली; मग मावशी कनातीपाशी कशी, हे कुणी विचारलं नाही. वाचलेल्या बायकांना सगळं माहीत होतं. पण तंबूत गेल्याचीच त्यांच्या घरच्यांना लाज, त्यांना चौकीपर्यंत कोण येऊ देणार? निरगाठ जळून गेली होती.

फुटाण्यांपायी मेली, असं गावानं ठरवलं. तुमच्यापैकी कुणी ही गोष्ट ऐकलीही असेल, हसलाही असाल. ती खोटी आहे. ती माझी आहे.

पुढं तंबू सुटला. एकदा कामानं राहात्याच्या बाजारात गेलो, तर तिथं तिची मुलगी शेंगा विकायला बसलेली. तशीच अंगानं भारी, कपाळ तेच. एक गिऱ्हाईक तिला म्हणालं, "का गं, आग लागली तर टोपली सोडशील न्हवं?"

रोजचंच असावं. ती हसून म्हणाली, "सोडीन की. आमच्या आईला न्हाई सुटली."

आजूबाजूचे हसले. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला काय देऊ, दादा?"

सगळं तोंडाशी आलं होतं. "शेंगा," मी म्हणालो. तिनं मोजून उपरण्यात घातल्या, वर आणखी एक मूठ टाकली. मी तिथंच उभा.

"सरका की, पाव्हनं," मागचा म्हणाला.

मी सरकलो.