रोशनबीची थोराड लेक

पंचवटीच्या भाजीबाजारात कोथिंबीर विकणारी रोशनबी कुणाच्या बापाला ऐकत नाही. घासाघीस करणाऱ्याला म्हणते, "मामा, फुकट न्या, पण माझं डोकं नका खाऊ." हीच बाई दवाखान्यातल्या माणसासमोर मात्र मुकी होते. तिथंच घात झाला.

तिची आफिया जन्मली तीच थोराड. अंगणवाडीच्या सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आली, गल्लीनं पेढे खाल्ले. पुढं मोठ्या दवाखान्यात कळलं, ही तब्येत नव्हे, जन्मजात दुर्मिळ आजार आहे. अंग वयाच्या पुढं पळतं. अशा काही मुलांना शिकायला उशीर लागतो, काहींचे डोळेही अधू होतात, म्हणून ते तपासत राहा, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

रोशनबीनं तपासून घेतलेही. शाळेत डोळे तपासायचं शिबिर आलं, तेव्हा पहिलीतल्या आफियाला उंची बघून चौथीच्या रांगेत उभं केलं. समोर अक्षरांचा तक्ता. पोरगी गप्प. लहान लेकरांसाठी चित्रांचा तक्ता असतो, पण तो पेटीतून काढायचे कष्ट कोण घेणार? तपासणारा म्हणाला, "एवढी घोडी झाली, अजून अक्षरओळख नाही? डोळे ठीक आहेत, डोक्यानं मंद आहे."

रोशनबी शेजारीच उभी होती. 'पहिलीत आहे हो,' एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही म्हणाली नाही. शिकायला उशीर लागणार हे आधीच ऐकलेलं, तिनं मान डोलावली. नंतर पोर क्रेटला धडकली की "बघून चाल, मोठी झालीस" म्हणत धपाटे घातले.

वर्षभरानं मी कोथिंबीर घ्यायला गेले, तर आफिया जुडी पार डाव्या डोळ्याला चिकटवून निवडत होती.

"रोशनबी, हिला दिसत नाही."

"ताई, मंद आहे ती. सायबानं सांगितलं."

"साहेब गेला खड्ड्यात. ऊठ."

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी थेंब घालून आत पाहिलं. उजव्या डोळ्याचा मागचा पडदा कधीच सुटला होता; तो डोळा गेला. डाव्याचा पडदा विरलेल्या लुगड्यासारखा, एका जागी फाटलेला. भूल देऊन लेझर केलं तर टिकेल, कदाचित.

"शिबिराच्या टायमाला आणली असती तर?" रोशनबीनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "तेव्हा आणायला हवी होती."

मी तिथंच त्या शिबिरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रोशनबीनं माझं मनगट धरलं. "भांडण नंतर, ताई. आधी हा एक वाचवू."

लेझर झालं. पडदा सध्या धरून आहे. दुसरीकडे फाटू शकतो, म्हणून सारखं दाखवायचं आणि डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही. आता बाजारात धक्क्याशिवाय काय मिळतं? घरी ठेवावी तर बघणारं कुणी नाही. म्हणून रोशनबी तिला कडेवर घेऊन बाजारातल्या आपल्या जागेवर नेते. पोरीचे पाय आईच्या गुडघ्याखाली लोंबतात. लोक हसतात.

काल एक म्हातारी म्हणालीच, "लग्नाला आली की गं पोर, आणि कडेवर?"

रोशनबी थांबली. धाप लागली होती. "सात वर्षांची आहे, मावशी. एकच डोळा राहिलाय. वाट द्या."

म्हातारी सरकली. मागचा हातगाडीवाला काही सरकला नाही. रोशनबीनं पोरीचं डोकं छातीशी दाबलं आणि स्वतःचा खांदा पुढं करून ती गर्दीत घुसली.