चिंचेने घासलेला साइड ड्रम

आईला ऐकू येत नाही हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली, कारण ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला ती छान मान हलवते. "आई, चहा टाकू?" मान. "आई, पंखा बंद करू?" मान. आमच्या घरात इतकं एकमत यापूर्वी कधी नव्हतं.

मग एका दुपारी तिने आतून कडी लावली, कुकर गॅसवर चढवला आणि आडवी झाली. मी कांजूरमार्गला एका मुलाखतीला गेलो होतो. मुलुंडला घरी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी पाऊण तास बडवून शेवटी दार तोडलं होतं आणि आई धुरात उभी राहून विचारत होती, "एवढी माणसां कित्याक जमलीत?"

डॉक्टर म्हणाले, कानाची यंत्रं लावा आणि लवकर लावा. फार काळ शब्द कानावर पडले नाहीत तर ते ओळखणंच कठीण होत जातं. दोन कानांच्या यंत्रांची किंमत ऐकली आणि क्षणभर मलाही काही ऐकू येईना. माझं ऑफिस चार महिन्यांपूर्वीच बंद पडलं होतं.

तेव्हा माळ्यावरचा साइड ड्रम आठवला. वडील गिरणीत होते आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. पितळी ड्रम, कडेने दहा खुंट्या, खाली तारा. काठी पडली की तडतडणारा. देश सोडून निघालेल्या एका हॉटेलातल्या वादकाकडून त्यांनी तो घेतला होता. वडील गेल्यापासून त्यांच्याच जुन्या लुंगीत गुंडाळून पडला होता. मुलीने फोनवर शोधलं.

"पप्पा, सेम टू सेम. अमेरिकेत विकायला आहे."

मी डॉलरचे रुपये केले. खात्री पटेना म्हणून तीनदा केले. दोन्ही कान निघत होते.

आईला सांगायचं नाही असं ठरलं. तुझ्या कानांसाठी तुझ्या नवऱ्याचा ड्रम विकतोय म्हटल्यावर तिने काही मान हलवली नसती.

जाहिरात टाकली. पहिल्याने विचारलं, "लास्ट किती?" दुसऱ्याला बदल्यात माशांची काचेची पेटी द्यायची होती, मासे धरून. तिसऱ्याचं म्हणणं, ड्रम विरारला आणून दे, मग बघू. मी तिसऱ्याला, जमेल, असं लिहूनही टाकलं होतं. अशी वेळ आली होती.

चौथा फोन विलेपार्ल्याहून आला. जुनी वाद्यं जमवणारे गृहस्थ. त्यांनी किमतीवरून घासाघीस केली नाही, याचीच मला भीती वाटली.

"फोटोत पितळेवरचं मूळ लॅकर, तो पातळ लेप, शाबूत दिसतंय; खरी किंमत त्याचीच," ते म्हणाले. "काळपट आहे तसाच राहू दे. धूळसुद्धा पुसू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतो."

मी धूळसुद्धा पुसली नाही. ड्रम टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता दोन दिवस काढले.

ते यायच्या दिवशी सकाळी मी झेंडू आणायला गेलो. परतलो तर मोरीबाहेर फडक्यावर ओळीने समई, ताम्हण, घंटा आणि ड्रम. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी. ड्रम इतका लखलखत होता की त्यात माझा चेहरा दिसला. बघवला नाही.

"इतक्या वर्षांनी तुका त्याच्या पूजेची आठवण झाली," आई म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "म्हटलां, घासून ठेवूया."

मी मान हलवली.

गृहस्थ आले. ड्रम हातात फिरवला, अंगठा फिरवला, वास घेतला.

"चिंच?"

"हो."

"लॅकर गेलं. कंपनीच्या बिल्ल्यावरची अक्षरंही गेली."

एवढ्यात आई चहा घेऊन आली. "कसो चकाकता, बघा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "फार सुंदर, आजी," मोठ्याने म्हणाले. तिने छान मान हलवली.

मी त्यांच्यामागे रिक्षापर्यंत गेलो. ड्रम काखेत, पायांत बायकोच्या चपला. कुकरपासून डॉक्टरांपर्यंत सगळं सांगितलं. इतका नम्र मी एकाही मुलाखतीत नव्हतो, असतो तर नोकरी मिळाली असती. त्यांनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि एक आकडा बोलले. आधीच्या किमतीच्या निम्म्याला जेमतेम पोचत होता.

"यात एका कानाचं होईल?"

"चालेल," मी म्हणालो. त्यांचं वाक्य संपलंही नव्हतं.

"उद्या पूजा होऊ दे. परवा नेतो."

दसऱ्याला आईने ड्रमला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि काठ्या माझ्या हातात दिल्या. "वाजव रे. ह्यांच्यासारखो."

मला वाजवता येत नाही. तरी मारलं. मुलीने कान झाकले.

"जोरात वाजव ना," आई म्हणाली.

मी जोरात मारलं, मग अजून जोरात. हारातली फुलं उडाली. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन दारात उभे राहिले, तरी थांबलो नाही. हात दुखल्यावर थांबलो, तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "ऐकू आलं, आई?"

तिने छान मान हलवली.