गिरणीवाल्या मावशी आणि माझा तापट लॅपटॉप

कुठलंही यंत्र चालू दिसलं की मावशी आधी त्याच्या अंगावर तळहात ठेवायच्या, मग कान लावायच्या आणि म्हणायच्या, “बोलू द्या त्याला.” गिरणीची मोटर असो, शेजाऱ्याची मोटरसायकल असो की दुकानातला फ्रिज, तपासणीची पद्धत एकच. माणसांच्या आधी यंत्रांची विचारपूस करणारं असं कुणीतरी तुम्हीही पाहिलं असेल.

गेवराईत आमच्या घराला लागूनच त्यांची पिठाची गिरणी होती. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर लिहिते. लिहिलेला सगळा कोड एकत्र बांधून तपासायला घेतला की लॅपटॉपचा पंखा घोंगावू लागतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मावशी कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या हातांनी थेट खिडकीशी आल्या.

“काय दळायलीस गं?”

“प्रोग्राम, मावशी.”

“मग लई निबर दळण दिसतंय!”

तेव्हापासून पंखा वाढला की भिंतीपलीकडून हाक यायची, “तापलं का?” मी “तापलं!” म्हणायचे. मीटिंगमधल्या लोकांना वाटायचं, आमच्याकडे दूध तापत ठेवलंय.

एका एप्रिलमध्ये मात्र लॅपटॉप मधेच बंद पडू लागला. त्याच सुमारास कंपनीने सगळ्यांना पुण्याला परत बोलवायचं काढलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, मला जाणं शक्य नव्हतं. मॅनेजर म्हणाले, “ग्राहकासमोर नवीन काम नीट चालवून दाखव, मग तुझं घरून चालू ठेवू.” वेळ दुपारी चारची. सकाळी तालीम केली, तर लॅपटॉप दोनदा बंद.

मी रडकुंडीला आलेली पाहून मावशी आत आल्या. लॅपटॉपला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“ह्याला वारा कुठून मिळतो?”

मी लॅपटॉप उलटा करून खालच्या फटी दाखवल्या. मावशींनी मोबाईलची बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“हे तर माझंच पीठ हाय गं.”

मी स्क्रू काढले. मावशींनी मोटर झाडायचा मऊ ब्रश आणला. मी फुंकर मारणार तोच ओरडल्या, “फुंकू नको, वलं हुतंय!” पाती बोटाने अडवून त्यांनी आतून पीठ-धुळीचा जो थर काढला, तो थेट गोधडीचा तुकडा!

एवढ्यावर न थांबता चार वाजता त्यांनी गिरणीच बंद केली. डबा घेऊन उभे असलेले एक आजोबा चिडले.

“कावून बंद? लाईट तर हाय!”

“आज पोरीचं दळण हाय. तुमचं उद्या.”

लॅपटॉप तासभर नुसता गुणगुणत राहिला, थांबला नाही. मॅनेजर “घरूनच कर” म्हणाले तेव्हा मी खिडकीतून आनंदाने ओरडले. आजोबा अजून तिथेच होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी मावशींनी गिरणी विकली आणि त्या नांदूरघाटला लेकीकडे निघाल्या. सामानाचा टेम्पो दारात उभा होता. मी पाया पडायला वाकले.

“तुझी मीटिंग हाय ना? जा. आमी काय परदेशात चाललो का!”

मीटिंग खरंच होती. मी आत येऊन बसले. बाहेर टेम्पो हायवेकडे वळला.

“आवाज येतोय का?” मॅनेजरनी विचारलं.

“येतोय,” मी म्हणाले. कॅमेरा मात्र त्या दिवशी चालू केला नाही.