हवालदाराचं नाक

गुलाबाला डोळा भरायचा असेल तर वहिनीला बोलवायचं, हे त्या रोपवाटिकेत नव्याने आलेल्या माणसालाही पहिल्याच दिवशी कळायचं. जंगली गुलाबाच्या सालीला चाकूच्या टोकाने चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे फुटवा येणारी गाठ, त्या चिरेत अलगद सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. काम दिसायला सोपं, पण हात हलका लागतो. वहिनीचा होता. तिने भरलेला डोळा क्वचितच वाळायचा. या कामापायी दोन्ही हातांवर कायम काट्यांचे ओरखडे असत आणि तिला त्यांचं काही वाटत नसे.

वहिनी हे नाव तिला नणंदेमुळे पडलं. नणंद टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, आवाज अजून खणखणीत. रोपवाटिकेच्या फाटकाशी उभी राहून ती एकदाच "वहिनी!" अशी हाक मारायची आणि पार शेवटच्या वाफ्यातली माणसंसुद्धा मान वर करायची. मग सगळेच वहिनी म्हणू लागले. वहिनी नणंदेला वन्सं म्हणे. वहिनीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वन्संनी लग्न केलं नव्हतं. रोपवाटिकेला लागून असलेल्या दोन खोल्यांत दोघी राहत आणि दिवसभर एकमेकींशी वाद घालत. चहात साखर किती, खिडकी उघडी ठेवायची की बंद, कशावरूनही. परक्याला वाटे, आता मारामारी होणार. खरं तर ते त्यांचं बोलणंच होतं.

तिसरा हवालदार. हा एक पिवळा बोका, डोकं नारळाएवढं. संध्याकाळ झाली की कुंड्यांच्या रांगांमधून सावकाश फेरी मारायचा, एकेका कुंडीचा वास घ्यायचा, कुजक्या ओंडक्यावर नखं घासायचा आणि काही गैर नाही याची खात्री पटली की वहिनीच्या मागच्या गॅलरीत येऊन पसरायचा.

"या घरात एक तर तो राहील नाही तर मी," वन्सं म्हणायच्या.

"तुम्ही दोघं आपसात ठरवा आणि मला सांगा," वहिनी म्हणायची.

एका उन्हाळ्यात हवालदाराचं नाक सुजलं. आधी बारीकशी पुटकुळी, मग तिची जखम, आणि बघता बघता नाकाचा सगळा उंचवटा फुगून आला. पुढच्या पंजावरही तसंच एक उघडं क्षत. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "बोक्यांची मारामारी. नख लागून गळू झालंय." त्यांनी इंजेक्शनं दिली. जखम थोडी सुकल्यासारखी वाटली आणि पुन्हा फुटली. वहिनी त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि कापसाने नाक पुसायची. तो धडपडायचा. त्यात एकदा त्याचं नख तिच्या बोटात चांगलंच रुतलं. तिने हात धुतला आणि विसरून गेली.

पुढे त्या बोटावर एक लाल गाठ आली. दुखत नव्हती. मग मनगटावर दुसरी, त्याच्या वर तिसरी. ओवलेल्या मण्यांसारख्या त्या हातावरून वर चालल्या होत्या. वहिनीने पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सुरुवात केली.

"एवढ्या उकाड्यात?" वन्संनी विचारलं.

"ऊन लागतं."

पण दुपारी वहिनी भांडी घासत असताना बाही वर सरकली आणि मागून येऊन वन्संनी तिचं मनगट धरलं. नळ चालूच राहिला.

"हे काय आहे?"

"काटा लागलाय."

"काटा बोटापासून कोपरापर्यंत चालत गेला?"

वन्संनी नळ बंद केला आणि स्टुलावर बसल्या. एरवी त्यांचा आवाज चढायचा, त्या दिवशी खाली आला.

"माझा भाऊ खोकत होता ना, तेव्हा मला म्हणाला, धूळ आहे. तुलाही तेच म्हणाला. आपल्याला काळजी नको म्हणून. आणि आपण दोघींनी ऐकलं. आता तू माझ्याशी तेच करतेस?"

"तसं नाही हो वन्सं."

"मग कसं?"

ओल्या हाताने वहिनीने बाही खाली ओढायचा प्रयत्न केला आणि मग तशीच सोडून दिली. ती म्हणाली, "मला भीती वाटली."

"वाटू दे. मला सांगून वाटू दे. चल, चपला घाल."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एका गाठीचा बारीक तुकडा तपासायला काढून घेतला. निकाल घ्यायला दोघी पुन्हा गेल्या तेव्हा वन्संनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "कॅन्सर?"

"नाही, नाही. बसा आधी," बाई म्हणाल्या. "याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. शरीरात असं काही शिरतं की ते सहजासहजी मारता येत नाही. मग पेशी त्याच्याभोवती जमतात आणि त्याला कोंडून ठेवतात. त्याची ही गाठ. आत कोण कोंडलंय ते मात्र शोधावं लागतं. क्षयाचे जंतू असतात, मातीतले आणखी काही जंतू असतात, कधी बुरशी असते. काम काय करता?"

"गुलाबांचं."

"घरात जनावर आहे?"

वहिनीने मान खाली घातली. वन्सं म्हणाल्या, "बोका आहे. त्याचं नाक सुजलंय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "त्याला आजच्या आज दाखवा. आणि त्या डॉक्टरांना मला फोन करायला सांगा."

जनावरांच्या डॉक्टरांनी काचेची पट्टी हवालदाराच्या जखमेवर दाबली, तिला रंग दिला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहत बसले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "माझं चुकलं. मी जंतूंवरचं औषध देत राहिलो आणि ही निघाली बुरशी. पट्टी नुसती भरली आहे. त्या औषधाने बुरशीला काय होणार? ही मातीत असते, कुजक्या लाकडात असते, काट्यांवर असते. याने नखं घासताना उचलली असेल. याच्या नखातून ती तुमच्या हातात आली."

"मग आता?" वहिनीने विचारलं.

"तुम्हाला आणि याला औषध एकच. पण काही महिने द्यावं लागेल. तोवर याला कोंडून ठेवायचं, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. घरातल्या दुसऱ्या कोणालाही होऊ शकतं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "दुसरा मार्ग, सुई देऊन कायमचं झोपवायचं. त्याला काही कळणार नाही. कोणी तसं ठरवलं तर मी दोष देत नाही."

हवालदार पिंजऱ्यात तोंडाने श्वास घेत बसला होता. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सुई द्या," ती म्हणाली. "घरात वन्सं आहेत. त्यांचं वय झालंय."

"वय झालंय म्हणजे?" वन्सं उसळल्या. "आणि मला विचारलं कोणी? डॉक्टर, औषध कसं द्यायचं ते मला दाखवा. ही त्याला हात लावणार नाही. मी बघते."

"वन्सं, तुम्हाला तर तो डोळ्यांसमोर नको असतो."

"अजूनही नकोच आहे. त्याचा इथे काय संबंध?"

मागच्या गॅलरीला जाळी लागली. रोज सकाळी वन्सं जुना रेनकोट चढवायच्या, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालायच्या आणि आत शिरायच्या. कॅप्सूल उघडून पूड उकडलेल्या माशात कालवायची. तो तोंड फिरवायचा. "कृपया प्रतीक्षा करा," वन्सं ऑफिसातल्या आवाजात त्याला सांगायच्या आणि माशाचा तुकडा पुन्हा पुढे करायच्या. वहिनी दाराच्या काचेआडून सूचना द्यायची. "असं नाही, मान धरा." वन्सं आतूनच ओरडायच्या, "तू तुझी गोळी घेतलीस का ते सांग!"

मधे एक वाईट काळ आला. औषध हवालदाराच्या यकृताला सोसेना. त्याने खाणं सोडलं, अंगावरची हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी औषध थांबवलं, मग कमी करून पुन्हा सुरू केलं. त्या दिवसांत वन्सं गॅलरीतल्या पाटावर तासन् तास बसून राहत, मोजा घातलेलं बोट माशाच्या कोमट पाण्यात बुडवून त्याच्या ओठाला लावत. एकदा वहिनी कामावरून लवकर आली आणि दाराशी थबकली. आत वन्सं बोलत होत्या, अगदी हळू.

"तोही असाच होता. लहानपणी औषध दिलं की थुंकायचा. मी त्याचं नाक दाबून धरायचे. मोठा झाला, मग कोण नाक दाबणार? तू चाट बरं. चाट, राजा."

वहिनी पावलं न वाजवता मागे फिरली, चहाचं आधण ठेवलं आणि ऐकल्याचं कधीच बोलली नाही. त्या चहात मात्र तिने वन्संना हवी तेवढी साखर घातली.

त्या आठवड्यात हवालदाराने मासा खाल्ला.

वहिनीच्या गाठी आधी मऊ पडल्या, मग बसल्या आणि त्यांच्या जागी फिकट वण राहिले. हवालदाराची जखमही भरली. तरी डॉक्टरांनी आणखी महिनाभर औषध चालू ठेवायला लावलं, आणि मगच जाळी उघडायची परवानगी दिली. वहिनी दारात उकिडवी बसली, दोन्ही हात पुढे केले. हवालदार बाहेर आला, तिच्या हातांचा वास घेतला, वळसा घालून पुढे गेला आणि वन्संच्या पावलांवर बैठक मारून बसला.

"वा रे वा!" वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं मासे मी आणले."

"आणले असशील. भरवले मी," वन्सं म्हणाल्या आणि खाली वाकून पहिल्यांदाच उघड्या हाताने त्याचं डोकं कुरवाळलं. मग डोळे पुसायला त्या आत गेल्या. वहिनीने त्यांना जाऊ दिलं.

गुलाबाचे डोळे भरताना वहिनीला आता हातमोजे घालावे लागत. सुरुवातीला बोटांना काही कळेना, बरेच डोळे वाळले आणि ती चिडचिड करत राहिली. हळूहळू बोटांनी नवी रीत शिकून घेतली. घरात मात्र वादांना एक नवा विषय मिळाला. कोणाचा गुडघा दुखो की कोणाला शिंक येवो, दुसरीला लगेच सांगायचं. मग त्यावर डॉक्टरकडे जायचं की नाही, यावरून पुन्हा जुंपायची.

हवालदार त्यानंतर पुष्कळ जगला. त्याच्या नाकाचा उंचवटा कायमचा बसला होता, एक नाकपुडी अरुंद झाली होती, त्यामुळे तो वन्संच्या पायाशी झोपून मोठ्याने घोरायचा.

"काल हा घोरत होता की तुम्ही?" वहिनी सकाळी विचारायची.

"तू," वन्सं म्हणायच्या आणि कप पुढे करायच्या.